आडावरचं झाकण

१

फुएनसांताबाई आडात पडून मेली, इथवर कुणालाही समजलं असतं. म्हातारं माणूस, आडाचा कठडा गुडघ्याएवढा, त्यात मार्चातलं दव. कोर्दोबात अशी माणसं जातात, चार दिवस लोक हळहळतात आणि पुन्हा त्याच आडाचं पाणी कुंड्यांना घालतात. पण आत पडलेल्या बाईनं वरचं लोखंडी झाकण कसं लावून घेतलं, हे काही कुणाला सांगता येईना. म्हणून तर इन्स्पेक्टर लेआंद्रो बाएनाला हातातली कॉफी तशीच टाकून सांता मारिना वस्तीतल्या त्या गल्लीत यावं लागलं.

रस्त्यावरच्या दाराचं एक कवाड मिटलेलं होतं, एक उघडं. बाएनानं टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि उघड्या कवाडातून आत शिरला. देवडी ओलांडली, जाळीचं दार ढकललं आणि चौकात आला.

असली घरं त्याला पाठ होती. तो स्वतः अशाच एका घरात वाढला होता, सान लोरेन्सोच्या बाजूला. ते आता पाडलं होतं. बाहेरून पांढरी मुकाट भिंत, खिडकी म्हणाल तर नावाला; सगळं घर आत, चौकाकडे तोंड करून बसलेलं. कधी काळी एका सरदाराचं एकट्याचं घर. त्याच्या नातवंडांनी खोली-खोली करून भाड्यानं दिलं आणि मग एका चौकाभोवती अकरा बिऱ्हाडं झाली. एक आड, एक चूल, कपडे धुण्याची एक दगडी कुंडी. कुणाच्या घरी आज काय शिजलं आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळ्या चौकाला ठाऊक. आता नव्या वस्तीत नळाच्या पाण्याचे फ्लॅट झाले होते आणि इथे चारच दारं उघडी राहिली होती. मेलेल्या बाईचं धरून चार.

फुएनसांता गोट्यांच्या फरसबंदीवर चादरीखाली होती. ती या घराची कारभारीण. भाडं गोळा करणं, चुलीच्या पाळ्या लावणं, मे महिन्यातल्या चौकांच्या उत्सवाआधी कुणी कुठली भिंत चुन्यानं रंगवायची ते ठरवणं, सगळं तिच्याकडे. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा अजून तसाच होता.

"डोक्याला मागून मार आहे," डॉक्टर म्हणाले. "कठड्यावर आपटली आणि पाठीमागे आत गेली. जिवंत होती, साहेब. पाण्यात मेली."

"म्हणजे कुणीतरी वरून झाकण लावलं तेव्हा..."

"ते मला विचारू नका."

एवढ्यात देवडीत धाडकन आवाज झाला. मालकाचा मुनीम सेन्योर फाउस्तिनो आत येत होता. हा गडी उत्तरेकडचा, सान्तान्देरचा, कोर्दोबात येऊन वर्षही झालं नव्हतं. मिटलेलं कवाड त्यानं बुटानं ढकललं होतं.

"आता या दाराचंही बिजागर गेलं वाटतं!" तो म्हणाला. "एक कवाड उघडतच नाही. घर आहे का खंडर?"

चौकातल्या बायका फिस्कारल्या. कोपऱ्यातून म्हातारा चांभार बाल्दोमेरो गरजला, "टोपी काढ, मेल्या! प्रेत दिसत नाही?"

फाउस्तिनोनं टोपी काढली. मग चादरीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा पडला की बाएनानं तो मनात टिपून ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या एका बाईनं बोट दाखवलं. "साहेब, तिला विचारा! सकाळी कुंडीवर हीच ओरडत होती, तुला आडात ढकलीन म्हणून. आमच्या गच्चीवर ऐकू आलं."

बोट भाडेकरू आरासेलीकडे होतं. पंचविशीची पोरगी, हात कोपरापर्यंत अजून ओले. झाकण उघडून प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते तिनंच.

२

"म्हणाले मी," आरासेली म्हणाली. "खोटं कशाला बोलू? कुंडीवर माझी पाळी होती आणि तिनं माझे भिजवलेले कपडे काढून बाहेर फेकले. गेला महिनाभर ती अशीच वागत होती. कधी अंगावर ओरडायची, कधी उगीच रडायची. मी म्हटलं, म्हातारे, आडात ढकलीन तुला! साहेब, असं तर आम्ही रोज बोलतो. असं बोललं की ढकललंच असं असतं, तर या घरात एक माणूस उरलं नसतं."

"मग?"

"मग पोरीला कासिल्दा मावशीकडे सोपवलं आणि मंडईत गेले. आले, कपडे पुन्हा धुवायचे म्हणून पाणी काढायला झाकण उचललं. तर तिचा घागरा वर तरंगत होता."

नवरा बार्सेलोनाला मजुरीला गेला होता आणि गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही. दीड वर्षाची पोर आणि ही. असल्या बाईच्या बाजूनं बोलणारं कोण असतं? कमिशनरसाहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "धमकी दिली, झाकणही तिनंच उघडलं, मग वेळ कशाला घालवता?" आरासेलीला गाडीत बसवलं. आपण परत येणार नाही असं काही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. देवडीतून ओरडून सांगत होती, "मावशी, पोरीला कांजीत साखर नको घालू, खोकते!"

बाएनाला बाल्दोमेरोकडे काहीतरी नवं मिळालं. म्हाताऱ्याचं दुकान चौकाच्या मागच्या कोपऱ्यात, थंडीमुळे दार लावलेलं. आत बूट दुरुस्त होण्याची वाट पाहत सांता मारिना चर्चचा घंटावाला नुसत्या मोज्यांनिशी बसला होता, सकाळपासून.

"आरासेली मंडईत गेल्यावर फुएनसांताचा आवाज आला का?"

"आला की," चांभार म्हणाला. "मांजराला शिव्या घालत होती. आम्ही दोघांनीही ऐकलं. मग मी टाचेला खिळे ठोकायला घेतले. ठोकाठोकीत माझी बायको जरी हाक मारती तरी ऐकू आली नसती, आणि ती तर मेलेली आहे."

"म्हणजे आरासेली मंडईत गेली तेव्हा बाई जिवंत होती."

"होती. पण तुमचे कमिशनर म्हणतील, परत आल्यावर ढकललं आणि मग बोंब मारली. म्हणतील ना?"

 कमिशनर नेमकं तेच म्हणणार, हे बाएनाला ठाऊक होतं.

वरच्या सज्ज्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत कासिल्दा राहत होती. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे; तिचा नवरा आन्सेल्मो नाताळाच्या सुमारास छातीच्या दुखण्यानं गेला होता. कडेवर आरासेलीची पोर, तिच्या तोंडात मावशीच्या शालीचं टोक.

"मी वर होते, साहेब. पोरीला घास भरवत होते. काही ऐकलं नाही."

"फुएनसांता तुमची मैत्रीण होती?"

"एकाच वर्षी लग्न होऊन आलो या घरात. तिला मूल नाही, मलाही नाही. दोघींत मिळून एक शाल होती तेव्हा, थंडीत जिला बाहेर जायचं ती घ्यायची." तिनं खुर्ची पुढे केली. "तुम्ही बसा, उभे का? खुर्ची ओली नाही, पुसलीय."

खुर्ची का पुसावी लागते, ते बाएनाला वर पाहिल्यावर कळलं. पलंगाच्या बरोब्बर वर छतावर मोठा काळा डाग होता आणि त्यातून अजूनही थेंब ठिबकत होता. पलंगावर अंथरूण नव्हतं. आणि पाऊस तर परवाच थांबला होता.

३

घर जुनं असलं की गळतंच, हे बाएनाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण गळणं आणि गळवणं यात फरक असतो. फुएनसांताच्या जुडग्यातली किल्ली घेऊन तो माळ्यावर चढला आणि तिथून वाकून कौलांवर आला.

कासिल्दाच्या खोलीवरची कौलं फुटली नव्हती. वाऱ्यानं उडालीही नव्हती. ती कुणीतरी नीट काढली होती आणि बाजूला एकावर एक रचून ठेवली होती, चांगल्या गृहिणीनं ताटं रचावीत तशी. खालचा वासा बोटानं दाबला तर स्पंजासारखा आत गेला. आणि शेजारच्या खोलीवरची चार कौलं ढिली करून ठेवलेली होती, काढायची तेवढी बाकी होती. ती खोली आरासेलीची.

माळ्याची किल्ली एकाच जुडग्यात होती. बाएना तिथेच कौलांवर बसला. हा खेळ त्यानं सान लोरेन्सोलाही पाहिला होता. जुनं भाडं वाढवता येत नाही, भाडेकऱ्याला काढता येत नाही. पण घर धोकादायक ठरलं की सगळे बाहेर, आणि जागा मोकळी. घर आपणहून पडत नसेल तर त्याला हात लावायचा. पण त्याला हात लावायला आतलं माणूस लागतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

फाउस्तिनोला त्यानं समोरच्या दारूच्या गुत्त्यात गाठलं.

"त्या दिवशी तुम्ही दुपारी आलात म्हणालात. गुत्तेवाला म्हणतो, सकाळीच घरात जाऊन आलात आणि मग इथे बसून होतात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

फाउस्तिनोनं ग्लास खाली ठेवला. "आलो होतो. त्या पोरीचं आणि म्हातारीचं भांडण व्हायच्याही आधी. कारभारणीशी काम होतं."

"कौलांचं काम."

"कुठली कौलं?" तो हसला. "म्हातारी बाई कौलांवर चढते, हे कोण शपथेवर सांगेल? तिला नव्या वस्तीत फ्लॅट हवा होता, नळाचं पाणी हवं होतं. आयुष्यभर आडातून बादल्या ओढून खांदे गेले होते बिचारीचे. मी म्हटलं, बघू. बघू म्हणणं गुन्हा आहे?"

"शेजारची खोलीही उघडायला सांगायला आला होतात. जिथे लहान मूल झोपतं."

"इन्स्पेक्टर," फाउस्तिनो थंडपणे म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं असतं, तर ती बाई माझं काम करत होती. आपलं काम करणाऱ्या माणसाला कुणी मारतं का?"

त्याच्या तोंडावर ग्लास फेकावा असं बाएनाला वाटलं. पण फुएनसांता माघार घेत असेल तर? सगळं बोलून टाकीन म्हणाली असेल तर? मारायला याच्याइतकं कारण कुणाकडे होतं? आणि प्रेत पाहून चेहरा पडला होताच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बाएना खुशीत आला. इतक्या वर्षांत त्याला असा हवाहवासा खुनी मिळाला नव्हता.

कचेरीत परतला तर टेबलावर निरोप होता. सोमवारी आरासेलीला न्यायाधीशांपुढे उभं करायचं, खुनाच्या आरोपाखाली. आणि खून म्हटला की शेवटी गळ्यात देहदंडाचा लोखंडी पट्टा, हे कोठडीतल्या उंदरांनाही ठाऊक होतं.

४

"मुनीमच असणार, साहेब!" बाल्दोमेरो म्हणाला. "मला तर तो पहिल्या दिवसापासून नाकानं कांदे सोलणारा वाटला."

शनिवार होता. बाएना चांभाराच्या दुकानात शेकोटीला बसावं म्हणून आला होता, पण शेगडी विझलेली होती आणि म्हातारा घोंगडीत गुंडाळून काम करत होता.

"शेगडी का नाही पेटवत?"

"कोळसा कुठाय? तोबालो त्या दिवशी ओरडलाच नाही ना. दर वेळी दारात उभा राहून असा कोकलतो की मेलेलं माणूस उठून बसेल. मी थैली काढून तयार बसलो होतो. वाट बघतोय, वाट बघतोय, तर गडी मुकाट निघून गेला. पुढची फेरी आता मंगळवारी."

"कुठल्या दिवशी?"

"फुएनसांता गेली त्याच दिवशी. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!"

बाएना उठला. का उठला हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. चौकातून, देवडीतून बाहेर आला आणि दारात थबकला. अजून एक कवाड मिटलेलंच होतं. दिवसा या घराची दोन्ही कवाडं भिंतीतल्या लोखंडी आकड्यांना अडकवलेली असतात. आकडा काढायचा, कवाड लोटायचं, आणि खालची खिट्टी दगडातल्या भोकात बसवायची. वाऱ्याचं हे काम नाही. घरात माणूस गेलं की घरातलंच कुणीतरी हे करतं, आणि रस्त्यानं जाणारा आवाज खाली घेतो. एवढं जन्मापासून पाहिलेलं, म्हणून तर त्या दिवशी टोपी काढून आत शिरताना त्याला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

कोळसेवाला तोबालो त्याला रेदेरो चौकात गाढवासकट सापडला. बाएनानं सरळ विचारलं, "त्या दिवशी सांता मारिनातल्या घरापुढे ओरडला का नाहीस?"

"कायतरीच काय, साहेब!" तोबालो दुखावला. "माणूस गेलेल्या घरापुढे कोळसा घ्या, कोळसा घ्या ओरडू? आईनं काही शिकवलंय की नाही? एक कवाड मिटलेलं दिसलं. टोपी काढली, गाढवाला गप्प केलं, क्रूस केला."

"तेव्हा घरात आरडाओरडा चालला होता?"

"छे. सामसूम. मी अजून उभाच होतो, तर मंडईच्या बाजूनं ती आरासेली आली, पिशवीत पालेभाजी. मी हळूच विचारलं, कोण गेलं गं? तर माझ्यावरच खेकसली. तुझी जीभ झडो, म्हणाली, कुणी गेलेलं नाही, असलं अभद्र बोलू नकोस! आणि आत गेली. मी पुढे कोपऱ्यावर पोचलो तोवर तिची किंकाळी आली. मी म्हटलं, पाहा, गेलंच होतं कुणीतरी, हिलाच बिचारीला ठाऊक नव्हतं."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? घरात माणूस गेलं, कवाड मिटलं. तुम्हाला त्यात काय नवल वाटलं?"

बाएनाला जे नवल वाटायला हवं होतं ते चार दिवस उशिरा वाटलं होतं. झाकणाखाली प्रेत आहे हे साऱ्या कोर्दोबात कुणालाच माहीत नव्हतं, त्या वेळी घरातलं एक माणूस सुतक पाळत होतं.

आणि मुनीम? मुनीमानं त्याच कवाडाला लाथ मारली होती आणि बिजागर गेलं म्हणाला होता. त्याला या कवाडाचा अर्थच ठाऊक नव्हता. हवाहवासा वाटणारा खुनी बाएनाच्या हातून गेला. आता कोण उरतं, हे मोजायला बोटंही लागत नव्हती, आणि त्याला ते मोजायचं नव्हतं.

५

कासिल्दा चौकात होती. आडाच्या झाकणावर पोरीला बसवून तिचे केस विंचरत होती. बाएनानं दुसरी खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"कासिल्दाबाई, एक गोष्ट सांगतो. चुकलं तर थांबवा."

ती विंचरत राहिली.

"आरासेली मंडईत गेल्यावर बाई जिवंत होती. आरासेली परत आली तेव्हा रस्त्यावरचं कवाड आधीच मिटलेलं होतं. कोळसेवाल्यानं पाहिलं, तिनंही पाहिलं. आज कोठडीत जाऊन विचारून आलो. म्हणाली, काळजात धस्स झालं होतं, पण झाकणाखालचं पाहिल्यावर दार कुणाच्या लक्षात राहतंय? म्हणजे तिनं नाही मारलं. बाल्दोमेरोबरोबर घंटावाला होता. मुनीमाला ते कवाड म्हणजे मोडकं दार वाटलं. घरात मग एकच माणूस उरतं."

"पोरगीही होती," कासिल्दा म्हणाली. "ती का नाही मोजत?"

तिनं फणी खाली ठेवली. मग बोलली ती अगदी घरगुती आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी.

"ती कठड्यावर बसली. मला म्हणाली, कासिल्दा, मला मन मोकळं करायचंय. सकाळी मुनीम आला होता, म्हणतो आता आरासेलीच्या खोलीवरची ढिली करून ठेवलेली कौलंही काढ. तिथे पोर झोपते, मला नाही जमायचं, म्हणाली. मी म्हटलं, आता म्हणजे काय? आधी कुठली काढलीस? तर रडायला लागली. माझा आन्सेल्मो त्या पलंगावर खोकून खोकून मेला, साहेब. मी त्याच्या छातीवर भांडं धरून बसायची, वरून ठिबकणारं पाणी अंगावर पडू नये म्हणून. आणि ही रोज वाटीभर सार घेऊन यायची, म्हणायची, कसं आहे गं त्याचं? वरचं भोक हिनंच पाडलं होतं. मी म्हटलं, ऊठ इथून. ती उठेना. माझा हात धरून म्हणाली, माफ कर म्हण. मी हात सोडवून घेतला. जोरात सोडवला. इतक्या जोरात सोडवायची गरज नव्हती, ते मला सोडवतानाच ठाऊक होतं."

"ती जिवंत होती. हाक मारली असेल."

"मारली. माझंच नाव घेतलं." कासिल्दानं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मी झाकण लावलं."

"का?"

"पोर खेळत होती ना इथे!" ती एकदम चिडून म्हणाली, जणू हा प्रश्न कुणी विचारावा याचंच तिला नवल वाटलं. "या चौकात मूल असलं की आड उघडा ठेवायचा नसतो. एवढं कळत नाही? मग आत आवाज थांबला. थांबला म्हणजे गेली. घरात माणूस गेल्यावर दार सताड उघडं ठेवून कसं चालेल? ती बिनलेकराची, तिच्यासाठी कवाड मिटणारं दुसरं होतं कोण? मी जाऊन मिटलं आणि वर गेले. तेव्हा मला वाटलं नाही साहेब, की मी काही चुकीचं करतेय."

 बाएनाला तिचा राग येत होता आणि कीवही, आणि दोन्ही एकदम कुठे ठेवायचं हे त्याला कळेना. "आणि आरासेली?" तो म्हणाला. "तिला गाडीत घालून नेलं तेव्हा तुम्ही सज्ज्यात उभ्या होतात. तोंडातून एक शब्द काढला नाही. तिच्या गळ्यात पट्टा आवळला असता. गप्प राहिल्या असतात?"

कासिल्दानं पोरीचं डोकं छातीशी धरलं.

"पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सोडतील. दुसऱ्या रात्री ही माझ्या कुशीत झोपली. आन्सेल्मो गेल्यापासून त्या खोलीत कुणाचा श्वास नव्हता. मग वाटायला लागलं, आरासेली नाही आली तर..." ती थांबली. "हो. राहिले असते. तुम्हाला खरं तेच हवंय ना? राहिले असते."

६

तिनं एकच गोष्ट मागितली. पोरीला कुणा परक्याच्या हातात द्यायचं नाही, तिच्या आईच्याच हातात द्यायचं. बाएनानं शिपाई पाठवून आरासेलीला गाडीतून आणवलं. नियमात बसत नव्हतं. कमिशनर ओरडणार होते. ओरडू देत.

फाउस्तिनोचं काही होणार नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. कौलांबद्दल बोलणारी एक आडात मेली, दुसरी ऐकीव सांगणार. मेच्या आत घरावर धोक्याची पाटी लागेल, आणि राहिलेल्या दोन दारांतली माणसं मिळेल त्या गाडीत सामान भरतील. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वासा आधी कुजवला होता.

आरासेली जाळीच्या दारातून आत आली. शिपायानं वाटेत तिला सगळं सांगितलं असावं; ती धावली नाही. चौकाच्या मध्यावर येऊन उभी राहिली. चार दिवसांत गाल बसले होते. बाल्दोमेरो आपल्या दारात उभा होता, हातात हातोडी तशीच.

कासिल्दा पोरीला घेऊन पुढे झाली. "दात येतोय तिला," ती म्हणाली. "खालचा. हिरडीला बोट लावून बघ. रात्री उठते, पाठीवर थोपटलं की झोपते. कांजीत साखर घातली नाही मी."

आरासेलीनं हात पुढे केले. पोरीनं आईकडे पाहिलं, मग कासिल्दाकडे, आणि कासिल्दाच्या शालीला घट्ट मिठी मारली. कासिल्दानं तिची बोटं एक एक करून सोडवली. हळू, अजिबात जोर न लावता. पोर किंचाळायला लागली. आईच्या कडेवरून ती मागे झुकून दोन्ही हात कासिल्दाकडे पसरत होती, आणि आरासेली तिला आवळून धरत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

कासिल्दानं मागे वळून पाहिलं नाही. शिपायाबरोबर देवडीतून बाहेर गेली.

पोरीचं रडणं थांबेना. बाएना टोपी हातात घेऊन उभा होता. 

"साहेब," आरासेली म्हणाली. "एक विचारते. मला पट्टा लागला असता तरी ती बोलली नसती का?"

"बोलली असती," बाएना म्हणाला. "सोमवारच्या आत बोललीच असती. मला तसं म्हणाली."

आरासेलीनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पाठीवर थोपटायला लागली, कासिल्दानं सांगितलं होतं तसंच.

"खोटं बोलताय," ती म्हणाली. "आणि खोटं बोलायची गरज नाही. ही दुसरीची पोर असती, माझ्या कुशीत झोपती आणि तिची आई कोठडीत असती, तर मीही गप्प बसले असते."

बाएनानं टोपी डोक्यावर ठेवली आणि चौकातून निघाला.